आधी पुस्तक की आधी कार्यशाळा?

सांगलीच्या विश्रामबागेतली माझी भाची नोकरी सोडून व्यक्तिमत्त्व विकासात उतरतेय. "मामा, आधी पुस्तक लिहू की कार्यशाळा घेऊ?"

खर्चाचं बघ. पुस्तक स्वतः छापलंस तर छपाईचे पैसे आधी जातात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, तेवढा फुकट मिळतो. कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्यात शिकवायला गेलीस तर हॉल त्यांचाच.

कमाईत फरक मोठा. प्रकाशकाने १० टक्के मानधन दिलं तर २०० रुपयांच्या प्रतीमागे २० रुपये. हजार प्रती खपल्या तरी वीस हजारच, आणि हजार प्रती खपायला मराठीत वर्षं जातात. कार्यशाळेचे पैसे लवकर येतात. रक्कम मोठी असेल तर १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापतात; तो आयकर विवरणपत्रात धरता येतो.

टिकण्यात पुस्तक सरस. घसा बसला की प्रशिक्षकाची कमाई थांबते.

मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते समोरच्यांचे चेहरे. कुठलं उदाहरण पोचलं नाही, ते पाळीवरून आलेल्या कामगाराच्या डोळ्यांत लगेच दिसतं. लिहिताना ते कोण सांगणार?

पगार चालू असलेल्या शिक्षकाने सुट्टीत खुशाल पुस्तक लिहावं. घर चालवायचं असेल, तुझ्यासारखं, तर आधी कार्यशाळा.