ठाणे, कल्याण की मधली डोंबिवली? टोकन द्यायच्या आधी जरा वाचा

ठाण्यात घराचं बजेट बसत नाही, कल्याण म्हटलं की घरचे "एवढ्या लांब?" म्हणून तोंड वाकडं करतात, आणि मग ब्रोकर हळूच म्हणतो, अहो डोंबिवली बघा की, मधलंच आहे. असे सध्या किती जण अडकलेत त्याची गणतीच नको. मी डोंबिवलीकर आहे हे आधीच सांगून टाकतो, त्यामुळे थोडी आपल्या गावाची ओढ दिसेल, पण जिथे बोंब आहे तिथे बोंब आहे असंच लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे हे "मधलं" प्रकरण. सीएसएमटीपासून ठाणे साधारण ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८ आणि कल्याण ५४. म्हणजे डोंबिवली मधे असली तरी कल्याणला खेटून आहे, मधे फक्त ठाकुर्ली. पालिका पण एकच, १९८३ पासूनची कल्याण-डोंबिवली महानगरपालिका, आणि तिचं मुख्यालय कल्याणला, त्यामुळे "टॅक्स आम्ही भरतो आणि रस्ते तिकडे होतात" हे डोंबिवलीत कुठल्याही कट्ट्यावर ऐकायला मिळेल (कल्याणवाले नेमकं उलटं म्हणतात). भावातही तसंच. कल्याण आणि डोंबिवली उन्नीस-बीस, ठाणे एकदम वेगळ्या पट्टीत. ठाण्यात बऱ्या एरियातल्या वन बीएचकेला जेवढे जातात तेवढ्यात इकडे बऱ्यापैकी टू बीएचके बघता येतो, स्टेशनपासून थोडं आत गेलात तर नक्कीच.

पण खरा हिशोब भावाचा नाहीच. तुमच्या घरातून सकाळी किती जण बाहेर पडणार, कुठल्या दिशेला आणि कशाने, हे आधी कागदावर मांडा. डोंबिवली हे रेल्वेवर जगणाऱ्यांचं आणि स्टेशनपासून चालत घरी जाणाऱ्यांचं गाव आहे. या दोन्हीत तुम्ही बसत असाल तर इथल्यासारखं सुख नाही, नसाल तर फुकट त्रास.

आधी लोकल. ठाण्याला फास्ट-स्लो सगळं थांबतं, वर ट्रान्स हार्बर आहे, त्यामुळे नवरा बीकेसीला आणि बायको ऐरोली-वाशीकडे असा संसार असेल तर ठाण्याला तोड नाही, पैसे जास्त गेले तरी रोजचे दोन तास वाचतात. कल्याण जंक्शन आहे, कसारा आणि कर्जत दोन्ही फाटे तिथे एकत्र येतात, तिथून सुटणाऱ्या लोकल भरपूर, आणि मेल-एक्सप्रेस थांबतात. गावी जायला, पुण्याला किंवा नाशिकला महिन्यातून चार वेळा जायचं असेल तर कल्याणला राहणाराच सुखी, बॅग घेऊन निघाला की गाडीत. डोंबिवलीकराला त्यासाठी आधी कल्याण किंवा ठाणं गाठावं लागतं.

डोंबिवलीची लोकल ही वेगळीच कथा. सकाळी बदलापूर-टिटवाळ्याकडून येणारी फास्ट इथे येते तेव्हा ती आधीच खच्चून भरलेली असते, दारातले हलत नाहीत आणि प्लॅटफॉर्मवरचे ऐकत नाहीत. म्हणून लोक डोंबिवलीहून सुटणारी लोकल धरतात, आणि तिच्यातही बसायला जागा हवी म्हणून कोपर किंवा दिव्याहून उलट येतात, ज्याला इकडे रिटर्न मारणं म्हणतात. संध्याकाळी परतताना कर्जत फास्टमध्ये चढलात तर मागून हमखास येतं, "डोंबिवली लोकल आहे ना, ती पकडा की." त्या बिचाऱ्यांचंही बरोबरच असतं, त्यांना अजून तासभर उभं राहायचं असतं. यात गंमत आहे पण धोकाही आहे. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळच्या वळणावर दारात लटकलेली माणसं खाली पडली, काही जणांचा जीव गेला, आणि त्या वळणावरून डोंबिवली-कल्याणवाले रोज जातात. ठाण्यात राहिलात तर तेवढा टप्पा टळतो. ऑफिसची वेळ थोडी मागेपुढे करून मिळत असेल तर मात्र डोंबिवलीचा प्रवास बराच सुसह्य होतो, अकराच्या लोकलमध्ये माणूस माणसासारखा उभा तरी राहतो.

आता रस्ता. गाडीने जाणाऱ्यांनी हे दोनदा वाचा. डोंबिवली कुठल्याही हायवेवर नाही. ईस्टवाले मानपाडा रोडने शिळफाटा रोडला लागतात, जिथे पलावा, रुणवाल आणि बाकीच्या टॉवरवाल्यांची गर्दी आधीच आहे आणि वर मेट्रो १२ चं (कल्याण-तळोजा) काम. वेस्टवाल्यांना मोठागाव-माणकोली पुलाने मोठा दिलासा दिला, खाडी ओलांडली की थेट नाशिक हायवे, ठाण्याला जायला कल्याण नाहीतर शिळफाट्याचा वळसा नको. पण पुलापर्यंत पोचायचे वेस्टचे रस्ते आहेत तेवढेच अरुंद आहेत, हे फ्लॅट दाखवणारा सांगत नाही. आणि ईस्ट-वेस्ट हा डोंबिवलीतला सगळ्यात मोठा प्रश्न. गाडी घेऊन रूळ ओलांडायला कोपरचा पूल किंवा ठाकुर्लीचा पूल. २०१९ ते २०२१ कोपर पूल पाडून नवा बांधेपर्यंत बंद होता तेव्हा सगळा भार ठाकुर्लीवर आला, गावाची अक्षरशः दोन गावं झाली होती. म्हणून मुलांची शाळा आणि घर शक्यतो रुळाच्या एकाच बाजूला ठेवा. फालतू सल्ला वाटेल, पण पावसाळ्यात स्कूल व्हॅन अर्धा तास पुलावर उभी राहिली की पटतो.

घोडबंदर रोडला मोठ्या सोसायटीत राहू म्हणणाऱ्यांनी पण फार खूश होऊ नये. पत्ता ठाण्याचा असला तरी कासारवडवलीहून ठाणे स्टेशन गाठायला जेवढा वेळ ट्रॅफिकमध्ये जातो तेवढ्यात डोंबिवलीच्या टिळकनगरमधला माणूस चालत स्टेशनला येऊन, लोकल धरून ठाण्यात उतरलेला असतो. अतिशयोक्ती नाही, ऑफिसच्या वेळेला जाऊन बघा. गायमुखचा घाट बंद पडला की तर विचारूच नका.

घरांचं म्हणाल तर डोंबिवली ईस्टमध्ये टिळकनगर, रामनगर, फडके रोडच्या आसपास तीन-चार मजली जुन्या बिल्डिंगी, लिफ्ट नाही, पार्किंग नाही, पण खाली उतरलं की भाजी, दूध, डॉक्टर, क्लास सगळं पाच मिनिटांत. आईवडील सोबत असतील तर मी हाच भाग सांगेन, फक्त तिसरा मजला घेऊ नका. यातल्या बऱ्याच बिल्डिंगी आता रिडेव्हलपमेंटला चालल्यात, त्यामुळे भाड्याने घेताना सोसायटीची मीटिंग कुठवर आलीय ते विचारा, नाहीतर अकरा महिन्यांचा करार आणि सहाव्या महिन्यात खाली करा. वेस्ट थोडी स्वस्त, जास्त दाट. ठाकुर्लीचा नव्वद फूट रोड मला स्वतःला आवडतो, रस्ता मोकळा, बिल्डिंगी नव्या, स्टेशन जवळ, पण ठाकुर्लीला फास्ट थांबत नाही. आणि जाहिरातीत "डोंबिवली" लिहिलेलं सगळंच डोंबिवली नसतं बरं का, पलावा वगैरे शिळफाटा रोडला आहे, स्टेशनला यायला बस किंवा रिक्षा लागते. तिथे बाग, स्विमिंग पूल, क्लबहाऊस सगळं आहे, फक्त रोजच्या लोकलवाल्याने एकदा संध्याकाळी साडेसातला स्टेशनबाहेरच्या रिक्षाच्या लाइनीत उभं राहून मग ठरवावं.

कल्याण वेस्टला खडकपाडा, गोदरेज हिल, गांधारीकडे रस्ते रुंद आणि मोकळं वाटतं. आधारवाडीचं डंपिंग २०२१ मध्ये बंद झालं, त्या वासाने आधी लोक तिकडे फिरकायचे नाहीत. एकाच किमतीत जास्त कार्पेट एरिया हवा असेल तर तिथे बघा. वालधुनी आणि उल्हास नदीच्या काठच्या सखल भागात घेताना मात्र २००५ ला आणि २०१९ ला पाणी कुठपर्यंत होतं ते खालच्या दुकानदाराला विचारा, तो बोटाने भिंतीवर दाखवेल.

एमआयडीसी. हे टाळून डोंबिवलीबद्दल लिहिणं म्हणजे फसवणूक. १९६४ पासून ही वसाहत आहे, केमिकलच्या कंपन्या, आणि त्यांच्या शेजारीच निवासी विभाग. बंगले, झाडं, शांतता, सगळं दिसायला एक नंबर. आणि रात्री वारा फिरला की असा वास की खिडक्या लावून बसावं लागतं. २०२० ला एक रस्ता गुलाबी झाला होता, त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले असतील. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ असे दोन मोठे स्फोट झाले, लोक गेले, लांबलांबच्या काचा फुटल्या, आणि दर वेळी कंपन्या हलवायची घोषणा होते. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर मी तिकडे घर घेऊच नका म्हणेन. घ्यायचंच असेल तर ब्रोकरसोबत दुपारी नाही, रात्री अकरानंतर एकटे जाऊन उभे राहा.

मग इथले लोक इथेच का राहतात? एक साधी गोष्ट सांगतो. संध्याकाळी ट्रेनमधून उतरलेली बाई स्टेशन ते घर या दहा मिनिटांत पोळी-भाजी केंद्रातून मऊ पोळ्या, एखादी उसळ, निवडलेली मेथी आणि वाटलेलं खोबरं घेऊन घरी जाते. दोघंही नोकरी करणाऱ्यांसाठी हे शहर असं वर्षानुवर्षं घडलंय. ठाण्यात मिसळ उत्तम, राम मारुती रोडची खरेदी उत्तम, तलावपाळीला बसायला मजा, गडकरी आणि घाणेकर अशी दोन-दोन नाट्यगृहं, पण हे रोजचं पोळी-भाजीचं सुख डोंबिवलीइतकं दाट कुठे नाही. नाटकवेड्यांना इथे सावित्रीबाई फुले आहे, कल्याणला अत्रे. गुढीपाडव्याची शोभायात्रा १९९९ ला इथल्या गणेश मंदिर संस्थानने सुरू केली, मग ती सगळीकडे पोचली, २०१७ ला साहित्य संमेलन झालं, आणि दिवाळीच्या पहाटे फडके रोडला अख्खं तरुण गाव नवे कपडे घालून उभं असतं. ज्यांना गर्दी, ओळखीपाळखी आणि शेजाऱ्यांच्या चौकशा नको असतात त्यांना हेच नकोसं होतं, तर त्यांनी सरळ ठाण्याच्या टॉवरमध्ये जावं, तिथे शेजारच्याचं नावही माहीत नसतं.

मोठ्या दवाखान्यांत ठाणे पुढे आहे, वाद नाही. सततची स्पेशालिस्ट ट्रीटमेंट चालू असेल तर हा मुद्दा भावाच्या वर ठेवा.

शेवटी कागद. कल्याण-डोंबिवलीत बोगस परवानग्या दाखवून चक्क रेरा नंबर (घरप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा) मिळवलेल्या ६५ बिल्डिंगी निघाल्या, नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने त्या पाडायचा आदेश दिला. आत राहणारे साधे नोकरदार, बँकेचं लोन घेतलेले. त्यामुळे "रेरा आहे साहेब, बँक लोन देते" हे इथे पुरेसं नाही. बिल्डरकडून बांधकाम परवानगीची कॉपी घ्या आणि पालिकेच्या नगररचना विभागात जाऊन त्यावरचा नंबर जुळतो का ते स्वतः बघा, जुनी बिल्डिंग असेल तर ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र मागा, आणि पालिकेला जोडलेल्या २७ गावांच्या हद्दीतली असेल तर पाणी कुठून येतं, एमआयडीसीच्या लाइनीतून की टँकरने, तेही लेखी विचारा. बिल्डर टाळाटाळ करायला लागला तर टोकन खिशातच ठेवा, आणि एक पावसाळा त्याच गल्लीत भाड्याने काढा.