माय स्टॅम्प आणि हातानं लिहिलेलं कार्ड: दिवाळीपासूनचा अनुभव

इंदुरात मी घरांच्या इंटिरिअरची कामं करते. ग्राहकाच्या पहिल्या भेटीनंतर व्हॉट्सॲपवर आराखड्याची पीडीएफ सगळेच पाठवतात, मीही पाठवते. दिवाळीपासून तिच्या जोडीला हातानं लिहिलेलं कार्ड टपालानं धाडते आणि पाकिटावर टपाल खात्याचा ‘माय स्टॅम्प’ लावते. यात तिकिटाला जोडून आपला फोटो किंवा लोगो छापून मिळतो. ही सोय २०११ पासून आहे, तरी पुष्कळांना ठाऊकच नाही.

बारा तिकिटांची शीट मला ३०० रुपयांना पडली. तिकिटावरची किंमत ५ रुपये, पण मला पत्रामागे २५ रुपये पडतात. फॉर्म, ओळखपत्राची प्रत आणि चित्र दिलं की झालं. चित्र अगदी लहान छापलं जातं, त्यामुळे बारीक अक्षरातलं नाव वाचता येत नाही. एखादी ठसठशीत खूण द्या. वजनाची काळजी नको. जाड, ३०० जीएसएमच्या कागदाचं ए-६ (साधारण पोस्टकार्डाएवढं) कार्ड पाच ग्रॅमच्या आत भरतं आणि ५ रुपयांच्या तिकिटाला मर्यादा २० ग्रॅमची आहे.

शाई मात्र पारखून घ्या. साधी रॉयल ब्लू पावसाच्या एका थेंबानं पसरते. मी आयर्न-गॉल, म्हणजे लोहाचे क्षार असलेली शाई वापरते. लिहिताना ती फिकी दिसते, हवा लागली की काळपट होत जाते आणि पाण्याला सहसा दाद देत नाही. पेन वरचेवर धुवावं लागतं, नाहीतर स्टीलची निब खराब होते. हँडमेड कागद देखणा असतो, पण त्यावर शाई फुटते.

तिकीट बघून लोक कौतुकानं पाकीट उघडतात. पुढचं काम मजकुराचं. ‘आपल्याला भेटून आनंद झाला’ असं मी एकाही कार्डावर लिहीत नाही. रामबागेतल्या एका काकूंना देवघराची पूर्वेकडची खिडकी बुजवायची नव्हती. बोलता बोलता दोनदा म्हणाल्या. कार्डावर तेवढंच लिहिलं: ‘काकू, खिडकी आहे तिथेच राहील. देवांवर सकाळचं ऊन पडेल असंच कपाट बसवू.’ पुढे सुतार कपाट वाढवायला निघाला, तेव्हा काकूंनी फ्रिजवरचं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं. पीडीएफमध्येही ती खिडकी होती, पण पीडीएफ कुणी उघडून बघितली नव्हती.

तारखा, पैसे, बदललेली मापं व्हॉट्सॲपवरच ठेवते, तिथे शोधायला सोपी. नुसत्या चौकशीच्या फोनला कार्ड नाही. घर स्वतः बघून आले असेन तरच लिहिते, कारण एरवी लिहिण्यासारखं हाती काही नसतं. पुढची शीट घेणारच आहे.