जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स मिंट: निवड, डाउनलोड आणि काही महिन्यांचा वापर

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि माझ्या लॅपटॉपचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, माझा लॅपटॉप सहाव्या पिढीचा. ठाण्यात नौपाड्याला घरून मी मराठी मजकुराचे मुद्रितशोधन आणि भाषांतर करतो. त्या कामाला ८ जीबी रॅम आणि नंतर बसवून घेतलेली एसएसडी व्यवस्थित पुरते, त्यामुळे चालते यंत्र मोडीत काढणे मला पटेना. दिवाळीपासून त्यावर लिनक्स मिंट या विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत प्रणालीची २२.२ ही, हलक्या एक्सएफसीई डेस्कटॉपची आवृत्ती आहे आणि माझे सगळे काम तिच्यावरच होते. मात्र वापराइतकेच मला निवडीबद्दलही लिहायचे आहे, कारण बहुतेक लोकांची गाडी तिथेच अडते.

डिस्ट्रो, म्हणजे मिंटसारखा लिनक्सचा तयार संच, शोधायला निघालेला माणूस डिस्ट्रोवॉचवर पोहोचतोच. २००१ पासून चालत आलेले हे संकेतस्थळ माहितीच्या दृष्टीने फार मोलाचे आहे: कोणती डिस्ट्रो कशावर आधारलेली आहे, शेवटची आवृत्ती कधी आली, हे सारे तिथे एका पानावर मिळते. परंतु तिथली क्रमवारी ही त्या संकेतस्थळावर कोणाचे पान किती वेळा उघडले गेले याची असते, ती डिस्ट्रो किती जण वापरतात याची नव्हे. पहिल्या पाचांतले एखादे नाव उचलून डाउनलोड सुरू करणारे या फरकाकडे लक्ष देत नाहीत. कालीसारखी सुरक्षा-चाचणीसाठी बनवलेली डिस्ट्रो केवळ नाव ऐकले म्हणून रोजच्या कामाला घेणेही तितकेच चुकीचे आहे.

माझ्या मते सर्वांत आधी पाहायची गोष्ट म्हणजे अपडेट किती वर्षे मिळणार. फेडोरा या डिस्ट्रोची आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला साधारण १३ महिने पाठिंबा असतो; ज्यांना नवे सॉफ्टवेअर लवकर हवे असते त्यांना ते सोयीचे आहे, पण वर्षातून एकदा तरी मोठा बदल करणे त्यात आलेच. मिंट २२ ची मालिका उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. डेबियनचाही मी गांभीर्याने विचार केला होता, कारण १२ व्या आवृत्तीपासून वाय-फायसाठी लागणारे फर्मवेअर (यंत्राचा तो भाग चालवणारे छोटे सॉफ्टवेअर) त्याच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले आणि जुनी मोठी अडचण दूर झाली. तरीही मिंटमधला अपडेट मॅनेजर आणि टाइमशिफ्ट (प्रणालीची प्रत ठेवून ती परत आणणारे साधन) ही सोय पहिल्या दिवसापासून तयार मिळते, म्हणून पारडे तिकडे झुकले.

डाउनलोडबद्दल मी आग्रहाने सांगेन. इन्स्टॉल करण्याची फाइल अधिकृत संकेतस्थळावरून किंवा तिथे दिलेल्या मिररवरूनच (त्याच फायलींची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरूनच) घ्यावी आणि उतरल्यावर तपासावी. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘सर्टयुटिल’ या आज्ञेने फाइलचा एसएचए-२५६ चेकसम, म्हणजे फाइलच्या आशयावरून निघणारा ठसा, काढता येतो. समोर येणारी ६४ चिन्हांची ओळ संकेतस्थळावरच्या ओळीशी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे. जवळपास ३ जीबीची फाइल असल्याने मधेच इंटरनेट तुटून ती अर्धवट राहिली असेल, तर ते इथेच कळते. पण एवढ्यावर थांबू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटच्याच संकेतस्थळात घुसखोरी झाली होती आणि डाउनलोडचा दुवा बदलून लोकांना छुपा दरवाजा असलेली फाइल दिली गेली होती. ज्याच्या हाती संकेतस्थळ गेले तो तिथला चेकसमही बदलू शकतो, म्हणून चेकसमच्या फाइलवरची जीपीजी स्वाक्षरी (ती फाइल मिंटच्याच लोकांची असल्याची डिजिटल खूण) तपासण्याला खरे महत्त्व आहे. त्याची कृती मिंटच्या सूचनांमध्ये पायरीपायरीने दिली आहे आणि एकदा हात बसला की त्याला फार वेळ लागत नाही.

पेन ड्राइव्हवरून लाइव्ह सत्र, म्हणजे इन्स्टॉल न करता प्रणाली, चालवले तेव्हा मी दिसण्याकडे फारसे पाहिले नाही. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का आणि मराठी नीट टंकता येते का, एवढेच तपासले. लाइव्ह सत्र पेन ड्राइव्हमुळे संथ चालते, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नये. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची इन्स्क्रिप्ट मांडणी जोडून मी ‘दुसऱ्याच्या’ हा शब्द लिहिला: शिफ्टसह जे दाबून ‘ऱ’, मग डी दाबून हलन्त, मग ‘य’. अर्धा र ‘ऱ्य’ असा नीट उमटला, तेव्हाच माझी निवड पक्की झाली. ज्यांना उच्चारानुसार टंकायची सवय आहे त्यांच्यासाठी कागप मांडणीही तिथेच आहे.

इतक्या महिन्यांच्या वापरात यंत्र हळू झालेले नाही. अपडेट केव्हा घ्यायचे हे मी ठरवतो. काम चालू असताना यंत्र आपणहून बंद होऊन सुरू होत नाही, आणि मुद्रणाची तारीख डोक्यावर असताना याची किंमत कळते. टाइमशिफ्ट आठवड्याला प्रणालीची प्रत ठेवते, पण मुळात ती आपल्या कागदपत्रांची प्रत ठेवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी डिस्क ठेवणे आवश्यक आहे. लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली की ज्या फॉन्टमध्ये सोय आहे त्यांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, आणि मुद्रितशोधन करणाऱ्याच्या डोळ्यांना त्याने फार बरे वाटते.

अडचणीही आहेत. प्रकाशकांकडून अजूनही बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या जुन्या फायली येतात, आणि त्या फॉन्टचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजसाठी असल्याने आधी त्या युनिकोडमध्ये बदलून मागवाव्या लागतात. घरच्या प्रिंटरवर छपाई सहज झाली, स्कॅनरसाठी मात्र खटपट करावी लागली. ज्यांचा धंदा टॅली किंवा डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनवर चालतो, त्यांनी ते चालते की नाही याची खात्री होईपर्यंत विंडोज पुसू नये.

आमच्या सोसायटीच्या कार्यालयातल्या ४ जीबी रॅमच्या संगणकावरही आता हीच आवृत्ती आहे. सचिवांना पावत्या, नोटिसा आणि ईमेल एवढेच काम असते. इन्स्टॉल करण्यापूर्वी त्यांना लाइव्ह सत्रात बसवून एक नोटीस मराठीत टंकायला आणि छापायला सांगितली, आणि ती हातात पडल्यावरच जुनी प्रणाली काढली.