डोंगर ओळखायला पुण्याचा रस्ता धरावा की नाशिकचा?

मुंबईहून निघून गाडीच्या खिडकीतून सह्याद्रीचे डोंगर नावानिशी ओळखायला शिकायचं असेल, तर सुरुवातीचा हुरूप यायला पुण्याचा रस्ता बरा. पण डोंगरांची खरी ओळख पटते ती नाशिकच्या रस्त्यावर, असं माझं ठाम मत आहे.

पुण्याच्या वाटेवर पनवेल सोडलं की डावीकडे प्रबळगड आणि त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका दिसतो. दोघांमधली खोल खाच एकदा पाहिली की पुन्हा चुकत नाही. पुढे चौक गावाजवळ इर्शाळगड, त्याच्या सुळक्यात नेढं, म्हणजे कातळाला पडलेलं आरपार भोक. 19 जुलै 2023च्या रात्री याच डोंगराच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गाडली गेली. मुलांना डोंगराचं नाव सांगाल तेव्हा हेही सांगा.

लोहगड-विसापूरसाठी मात्र एक्सप्रेसवे सोडा. तो भाजे गावाजवळून, विसापूरच्या पायथ्यालगत जातो. इतक्या जवळून गडाचा आकार कळत नाही, आणि तिथे थांबायलाही मनाई. जुन्या हायवेवरून कार्ला-मळवलीच्या टप्प्यात दोन्ही गड पूर्ण दिसतात. डावीकडचा रुंद, सपाट तो विसापूर. त्याच्या उजवीकडे लोहगड, आणि त्याची निमुळती सोंड म्हणजे विंचूकाटा. चहाला थांबा आणि निवांत बघा.

नाशिकच्या रस्त्यावर शहापूरच्या अलीकडे डावीकडे माहुली उभा राहतो. वजीर, नवरा, नवरी, भटजी अशी त्याच्या सुळक्यांची नावं. पण हा रस्ता निवडायचा तो घोटीसाठी. कसारा घाट चढून, इगतपुरी ओलांडून घोटीला आलात की उजवीकडे महाराष्ट्रातली सर्वांत उंच रांग दिसते. डावीकडून उजवीकडे क्रम लक्षात ठेवा: कळसूबाई (1646 मीटर), अलंग, मदन, कुलंग. आधी मदन शोधा. दोन लांबरुंद माथ्यांच्या मधला लहान माथा तो. मग अलंग आणि कुलंग आपोआप जागेवर बसतात. लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे साचले म्हणून हे माथे सपाट आणि कडे पायऱ्यापायऱ्यांचे. रांग रस्त्यापासून दूर असल्यामुळे झटकन मागे पडत नाही, नावं जुळवायला वेळ मिळतो. पुण्याच्या रस्त्यावर चालत्या गाडीतून नेमकी हीच सवड मिळत नाही.

समृद्धीने मात्र जाऊ नका. इगतपुरीजवळच्या सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यात अख्खा घाट हुकतो.

दोन्हीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरची सकाळ उत्तम. पावसाळ्यात माथे ढगात असतात, उन्हाळ्यात धुरकट हवा. सकाळी सूर्य कळसूबाईच्या रांगेच्याच बाजूला असतो, त्यामुळे नुसती कड उठून दिसते, आणि ओळखायला कडच लागते.

हे काम चालवणाऱ्याचं नाही, शेजारी किंवा मागे बसणाऱ्यांचं. पुण्याला जाताना चौकपर्यंत डावी खिडकी धरा, लोणावळ्यानंतर उजवी. नाशिकला जाताना शहापूरपर्यंत डावी, इगतपुरीनंतर उजवी.