जुन्या गाडीची कूलंट गळती: रेडिएटर झाळून घ्यावा की नवा बसवावा?

दहा-पंधरा वर्षे वापरलेल्या गाडीतले कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, दर आठवड्याला बोटभर खाली जाऊ लागले, की मालकापुढे साधारण चार वाटा असतात: गळती बुजवणारे औषध ओतणे, आहे तोच रेडिएटर दुरुस्त करून घेणे, भंगार बाजारातून जुना आणणे किंवा सरळ नवा बसवणे. या चारही वाटा गळती रेडिएटरमध्येच आहे असे धरून चालतात आणि पैसा वाया जातो तो इथेच.

माझ्या 2006 सालच्या पेट्रोल गाडीचा रेडिएटर एका उन्हाळ्यात दोनदा उतरवून दुरुस्त केला गेला आणि दोन्ही वेळा आठवडाभरात पाणी पुन्हा कमी झाले. शेवटी एका रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरून, कोपऱ्यांवर दगड ठेवून मी ती तशीच उभी ठेवली. सकाळी कागदावर रुपयाएवढा हिरवट डाग होता, पण तो रेडिएटरच्या खाली नव्हता, तर इंजिनाच्या पट्ट्याच्या (बेल्टच्या) बाजूला होता. बॅटरीच्या उजेडात वर पाहिले तेव्हा वॉटर पंपाच्या खालच्या बारीक भोकापासून वाळलेला पांढरट ओघळ उतरलेला दिसला. पंपाचे आतले सील झिजले की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावे म्हणूनच हे भोक ठेवलेले असते, म्हणजे तिथला ओघळ हाच पंपाचा निकाल असतो.

म्हणून आधी निदानाच्या पद्धतींची तुलना करणे भाग आहे. नुसत्या नजरेने पाहणे फुकट असते आणि होज पाईपच्या क्लिपा, पाईपला गेलेले तडे, रेडिएटरची कड एवढे त्यात सापडू शकते. मात्र गरम इंजिनावर पडलेला थेंब खाली पोहोचण्याआधीच वाळतो, तर काही क्लिपा रबर आकसल्यामुळे फक्त थंड गाडीतच गळतात. त्यामुळे मेकॅनिकने भर दुपारी बॉनेट उघडून दिलेला निर्वाळा पुरेसा मानू नये. प्रेशर टेस्टर हा हातपंप आणि मीटर असलेला साधा संच आहे. इंजिन पूर्ण थंड असताना तो रेडिएटरच्या झाकणाच्या जागी बसवायचा, झाकणावर छापलेल्या दाबाइतकाच, बहुतेक मोटारींत 0.9 ते 1.1 बार, दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटे काटा उतरतो का हे पाहायचे. काटा उतरला आणि बाहेर कुठेच ओल दिसली नाही, तर शंका दोनच जागांवर जाते: केबिनमधला हीटर, ज्याची खूण म्हणजे पायाखालची ओली मॅट आणि काचेवर येणारे गोडसर वासाचे धुके, किंवा मग हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचे हेड यांच्यामधले पॅकिंग. तालुक्याच्या गावी प्रत्येक गॅरेजात हा टेस्टर असेलच असे नाही, पण त्यासाठी संभाजीनगर, जालना किंवा नांदेडपर्यंत एक फेरी मारावी लागली तरी ती अंदाजाने बदललेल्या एका सुट्या भागापेक्षा स्वस्तच पडते. एसी चालू असताना समोरून ठिबकणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी मात्र गळती नव्हे, हेही लक्षात ठेवावे.

झाकण स्वतंत्रपणे तपासून घ्यावे. 0.9 बार दाब टिकवणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीसुद्धा सुमारे 118 अंशांपर्यंत उकळत नाही. तेच झाकणाची स्प्रिंग मेली असेल तर ते शंभरलाच उकळते, कूलंटच्या जादा बाटलीतून उसळून बाहेर जाते आणि रेडिएटर फुटल्याचा आभास होतो. सगळ्या यंत्रणेतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी हा एक आहे.

गळती खरोखरच रेडिएटरची निघाली, तर निर्णय त्याच्या घडणीवर अवलंबून ठेवावा. जुन्या गाड्यांत तांब्या-पितळेचे रेडिएटर असत आणि ते झाळता येतात. ट्रॅक्टर आणि ट्रकचे पितळी रेडिएटर झाळणारे कुशल कारागीर आपल्याकडे अजून आहेत, त्यामुळे एखाद-दुसरी नळी गळत असेल आणि जाळी शाबूत असेल, तर नवा घेण्यापेक्षा झाळकामच योग्य ठरते आणि ते वर्षानुवर्षे टिकते. नंतरच्या गाड्यांत मात्र जाळी ॲल्युमिनियमची, वरची-खालची किंवा आजूबाजूची टाकी प्लास्टिकची आणि दोन्हींमध्ये रबरी पॅकिंग अशी रचना असते. या टाक्या उष्णतेने कालांतराने ठिसूळ होतात. त्यांच्या तड्यावर एम-सील किंवा तत्सम पुट्टी लावली, तर पहिल्या काही दिवसांत ती उत्तम दिसते, पण गाडी तापून-निवून प्लास्टिक फुगते-आकसते तशी ती कडेने सुटते. पॅकिंग बदलून कड पुन्हा दाबून देणे हा त्यातल्या त्यात बरा उपाय आहे. तरी टाकी पिवळट पडली असेल आणि नखाने खरवडल्यावर भुगा निघत असेल, तर तिच्यावर एक रुपयाही घालू नये. अशा वेळी नवा रेडिएटर हेच माझे स्पष्ट मत आहे.

भंगारातला रेडिएटर स्वस्त मिळतो, पण तो बहुधा आपल्या गाडीइतकाच जुना असतो आणि आतून किती चोंदला आहे हे बाहेरून कळत नाही. दाब देऊन तपासल्याशिवाय तो घेऊ नये.

गळती बुजवणारे औषध फक्त एका प्रसंगी मान्य करता येईल: औट्रम घाटासारख्या ठिकाणी गाडी अडकली आहे आणि घरापर्यंत पोहोचायचे आहे. त्यातले कण जसे छिद्र बुजवतात तसेच हीटरच्या आणि रेडिएटरच्या अरुंद नळ्याही बुजवतात, आणि मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा 42 अंशांच्या पुढे गेलेला असताना अर्धवट चोंदलेला रेडिएटर गळक्या रेडिएटरइतकाच घातक असतो.

हेड गॅस्केटची गोष्ट वेगळी आहे. थंड गाडी सुरू करताच पाण्यात सतत बुडबुडे येणे, काही मिनिटांतच वरचा पाईप दगडासारखा घट्ट होणे, ऑइल दुधाळ होणे ही त्याची लक्षणे आहेत. नुसते गॅस्केट बदलून भागत नाही. ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकलेले असेल, तर फेसिंग, म्हणजे त्याचा पृष्ठभाग मशीनवर सपाट, करून घ्यावेच लागते. हा खर्च गाडीच्या बाजारभावाच्या निम्म्यावर जात असेल आणि पत्राही गंजलेला असेल, तर गाडी दोष सांगून विकणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. वॉटर पंपाचा निर्णय त्यामानाने सोपा आहे: पंप दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता नवा घालावा, आणि तो टायमिंग बेल्टवर (इंजिनाच्या व्हॉल्व्हची वेळ जुळवणाऱ्या पट्ट्यावर) चालत असेल तर बेल्टही त्याच वेळी बदलावा, कारण मजुरी एकच लागते.

पाण्याबाबत आपल्याकडे एक समज घट्ट आहे, की इथे पाणी गोठत नाही म्हणून कूलंटची गरज नाही. मराठवाड्यातल्या बोअरचे पाणी बसाल्टच्या खडकातून येते आणि बहुतेक ठिकाणी जड असते. चहाच्या पातेल्यात जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या आतल्या वाटांत बसतो आणि उष्णता अडवून धरतो. कूलंट गंज रोखते आणि निम्म्या प्रमाणात मिसळले तर दाबाशिवायही मिश्रण सुमारे 107 अंशांपर्यंत उकळू देत नाही. ते बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे. काढलेले जुने कूलंट अंगणात ओतू नये. त्यातले इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि कुत्र्या-गुरांसाठी प्राणघातक असते.

कोणतीही दुरुस्ती झाली, तरी भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवून, गाडीचे तोंड थोडे चढावर घेऊन आतली हवा काढून टाकावी आणि पुढचे तीन-चार दिवस सकाळी थंड गाडीत पातळी पाहावी. पहिल्या दिवशी ती थोडी उतरली तर उरलेली हवा निघून गेली असे समजावे. तिसऱ्या दिवशीही उतरत असेल, तर पुन्हा प्रेशर टेस्टरपासून सुरुवात करावी.