नाली उघडी ठेवावी की पाइप पुरावा?

तालुक्याच्या गावात जुनी दगडी नाली फोडायची ठरली की सभेत एकच वाद होतो. सिमेंटची नाली बांधून वर ढापे, म्हणजे उचलता येणाऱ्या सिमेंटच्या फरश्या, टाकायचे, की ह्यूम पाइप, म्हणजे सिमेंटचे गोल पाइप, पुरून रस्ता सपाट करून टाकायचा? मी पाच वर्षं नगरसेवक होतो. माझ्या वॉर्डात एका गल्लीत पाइप गेला, शेजारच्या गल्लीत ढाप्यांची नाली झाली. दोन्हींच्या शिव्या मी खाल्ल्या आहेत, म्हणून बोलतो.

पाइपाला मत मीच दिलं होतं. गल्ली हातभरानं रुंद झाली, वास गेला, लेकरू नालीत पडायची भीती गेली. कापसाची गाडी दारापर्यंत यायला लागली. पहिलं वर्ष मी मिरवून घेतलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या उन्हाळ्यात रस्त्यावर डांबराचा नवा थर चढला आणि चेंबरची, म्हणजे पाइप साफ करायला ठेवलेल्या खड्ड्यांची, चारही झाकणं त्याच्याखाली गेली. मुद्दाम कोणी केलं नाही. नालीचा ठेकेदार वेगळा, रस्त्याचा वेगळा, आणि दोघांना एकमेकांचा नकाशा माहीत नाही. जुलैत पाणी तुंबलं त्या रात्री आम्ही तिघं सब्बल आणि टॉर्च घेऊन रस्ता ठोकत फिरत होतो, कुठं पोकळ वाजतं ते बघायला. वरून पाऊस धो धो, ऐकू काय येणार! एक म्हातारी दारातूनच ओरडली, "भाऊ, पाणी त चुलीलोक आलं, तुमचा पाइप कुठी गेला?" पहाटे एक झाकण सापडलं. आत खर्ऱ्याच्या पन्न्या, कुणाचा तरी फाटका लुगड्याचा तुकडा, आणि त्यात घट्ट बसलेला काळा गाळ. पण अडलं होतं ते पुढच्या दोन चेंबरच्या मधे, हे दुसऱ्या दिवशी कळलं. प्रेशरनं पाइप धुणारी गाडी जिल्ह्याहून तिसऱ्या दिवशी आली. माणूस आत उतरवायचा विषयच नव्हता. 2013 च्या कायद्यानं सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवणं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी कोणाला सांगितलं नसतं.

माझं मन तिथंच फिरलं. पाइप वाईट नाही, पण तो कुठं दुखतोय ते सांगत नाही.

पाणी आत जायला रस्त्यावर बसवलेल्या जाळीचंही तसंच. उघड्या नालीत पाणी काठावरून कुठूनही घुसतं. पाइपात ते फक्त जाळीतून जातं, आणि जाळीवर कडुनिंबाचा पाला नि पन्नी बसली की खाली पाइप रिकामा आणि वर गल्लीत गुडघाभर पाणी. आमच्या दोन जाळ्या तर भंगारात गेल्या. शिवाय संडासाच्या टाकीचं पाणी रात्री गुपचूप पाइपात जोडलेलं वर्षभर कळत नाही. ढाप्यांच्या नालीत ते सकाळीच नाकाला कळतं आणि भांडण लागतं, म्हणजे काम होतं.

काळ्या मातीत पाइप टाकायचाच असेल तर खाली मुरूम किंवा वाळूचा थर जाड मागा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात तडकते, आणि जोड सरकतात. आकारातही कंजुषी नको. एका हेक्टर दाट वस्तीवर तासाला 50 मिलिमीटर पाऊस झाला आणि 80 टक्के पाणी वाहून आलं, तर सेकंदाला सुमारे 110 लिटर पाणी नालीत येतं. सिमेंट रस्ते झाल्यापासून जिरतं तरी किती?

आता नालीची खोड. ती बांधली की महिनाभरात कोणी तिच्यावर ओटा टाकतो, कोणी ढापे सिमेंटनं पक्के करतो, मग तीही पाइपच होते, फक्त वाईट प्रतीचा. हॉटेलवाला उरलेला चहापत्तीचा चोथा तिच्यातच ओततो. पाणी साचलं तर डास. माझ्या गल्लीत निम्मा त्रास ढाप्यांनी वाचवला: लांबी दोन फूट, दोन माणसांना उचलेल इतकं वजन, दोन्ही टोकांना सळईच्या कड्या. चार फुटी ढापा एकदा बसला की पुन्हा उठत नाही, हे लिहून ठेवा. दोन फुटी ढापा सफाई कामगार रोजच्या फेरीत उचलतो, फावड्यानं गाळ काढतो आणि पुढं जातो.

रस्ता ओलांडायचा असेल किंवा बाजारपेठेत जागाच नसेल, तिथं पाइपाला पर्याय नाही, हे मान्य. आणि तुमच्या गावाला चांगला ढाळ असेल, कदाचित तुमचा अनुभव वेगळा असेल.

पण दोन्हींचं एस्टिमेट मागवण्याआधी मोठ्या पावसात छत्री घेऊन नालीच्या शेवटापर्यंत चालून या. आमचं अर्धं दुखणं नालीत नव्हतंच. ती जिथं नाल्यात पडते तिथं गाळ आणि बेशरमाची झुडपं इतकी माजली होती की नाल्याचा तळ नालीच्या तोंडापेक्षा वर आला होता. दोन दिवस जेसीबी लावला तेव्हा वरच्या तीन गल्ल्या मोकळ्या झाल्या.

पाइपाच्या गल्लीत आता चारपैकी तीन झाकणं वर काढून घेतली आहेत. चौथं अजून डांबराखालीच आहे.