लेआउटवरची स्टेशनं: तयार आणायची की घरी बांधायची?

मॉडेल रेल्वेच्या लेआउटवर, म्हणजे टेबलावर मांडलेल्या छोट्या रेल्वेवर, रूळ बसले, गाडी फिरायला लागली, आणि आता बाजूच्या रिकाम्या प्लायवर काय उभं करायचं यावर अडलेल्यांसाठी हे लिहितोय. भिलवडी, नांद्रे, रहिमतपूर, किर्लोस्करवाडी असं आपल्या पुणे-मिरज मार्गावरचं एखादं स्टेशन मनात आहे असं धरलंय. जर्मनीतलं डोंगरी गाव करायचं असेल तर फॅलर किंवा आउहागन या कंपन्यांच्या किटचा (सुटे भाग जोडून करायच्या इमारतीचा) डबा मागवा आणि मोकळे व्हा, तिथे तुलनेचा प्रश्नच नाही.

तयार मालाची बाजू आधी घेऊ, कारण ती खरंच भक्कम आहे. प्लॅस्टिकच्या किटमधल्या खिडक्यांच्या पट्ट्या जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीच्या आणि सगळ्या एकसारख्या असतात. पुठ्ठ्यातून हाताने खिडक्या कापताना पहिल्या तीन-चार सुबक येतात, मग हात थकतो आणि पट्ट्या तिरक्या जायला लागतात. कोपरे काटकोनात बसणं, पावसाळ्यात भिंत न फुगणं, हेही फुकटात मिळतं. काळजी घ्यायची ती एवढीच, की आत दिवा लावणार असाल तर भिंती जोडण्याआधी आतून एक काळा हात मारा. नाहीतर एलईडी पेटली की अख्खी इमारत आकाशकंदिलासारखी उजळते. रेझिनच्या आयत्या इमारतींना हा त्रास नसतो, पण त्या जड असतात आणि त्यांचं बंद दार उघडं करायचं म्हटलं तर कोरून काढावं लागतं.

खोक्यावर 'एचओ/ओओ' असं जोडनाव (एचओ म्हणजे मूळ मापाच्या १/८७, ओओ म्हणजे १/७६) दिसलं तर विकणाऱ्याला दाराची उंची विचारा. सात फुटी दार एचओत २४.५ मिमी आणि ओओत २८ मिमी होतं. फोटोत हा फरक कळत नाही, गाडीच्या डब्याशेजारी इमारत ठेवली की लगेच कळतो. ब्रिटिश ओओ फलाटांचंही तसंच. ते १२ मिमीच्या आसपास उंच असतात. आपला उंच फलाट रुळापासून ७६० ते ८४० मिमी, म्हणजे एचओत ९ ते साडेनऊ, आणि मधल्या उंचीचा ४५५ मिमीवाला जेमतेम ५. फलाट मात्र कोणीही घरीच करतो, त्यावर वेळ घालवत नाही.

एवढं सगळं मान्य करूनही माझ्या मते पारडं फिरतं ते छपरामुळे.

खरं स्टेशन आपण फलाटावर उभं राहून बघतो, लेआउट मात्र वरून बघतो. टेबल कमरेइतकं आणि डोळे त्याच्या दोन फूट वर. आधी छप्पर दिसतं, मग भिंत, पिवळी पाटी सगळ्यात शेवटी. युरोपातल्या किटचं छप्पर तिकडच्या बर्फाच्या हिशेबाने उभट असतं, ४५ अंश किंवा त्याहून जास्त. वर चपटी कौलं नाहीतर स्लेट, आणि त्यातून निघालेली एक-दोन धुराडी. आपल्याकडच्या जुन्या स्टेशनांवर मंगलोरी कौलं, उतार ३० अंशांच्या आसपास, पुढे पडवी आणि धुराड्याचा पत्ता नाही. इमारतीची खोली ८० मिमी धरली तर ४५ अंशांत आढं भिंतीच्या माथ्यापासून ४० मिमी वर जातं, ३० अंशांत फक्त २३. हा १७ मिमीचा फरक प्रत्यक्षात दीड मीटर होतो. त्या इमारतीला मराठी-हिंदी-इंग्रजी पाटी लावा, दारात कडुनिंब उभा करा, बघणारा तरी म्हणतोच, "छान आहे, कुठलं परदेशातलं?"

मग नुसतं छप्परच बदलू, असं कोणालाही वाटेल. गोम तिथेच आहे. छपराचा उतार कमी करायचा तर बाजूच्या त्रिकोणी भिंती करवतीने उतरवाव्या लागतात. त्या त्रिकोणात बहुतेक वेळा पोटमाळ्याची खिडकी असते, ती अर्धी कापली जाते. छपराच्या पत्र्यात धुराड्याची भोकं साच्यातच आलेली असतात, ती बुजवा. आतून बसवायच्या आधाराच्या खाचा जुन्या कोनाच्या, त्या घासून काढा. कौलांचा उठाव चपटा, म्हणजे त्यावर पुन्हा कार्डाची कौलं चिकटवायचीच. एवढं झाल्यावर किटमधून कामाला काय आलं? दोन लांब भिंती आणि खिडक्या. पैसे मात्र पूर्ण डब्याचे, वर पार्सल आणि कस्टम ड्यूटी. इतकं कापाकापीचं काम करायचंच असेल तर कोऱ्या शीटवर केलेलं बरं.

कौलांचं छप्पर घरी करणं अवघड नाही, कंटाळवाणं आहे. मंगलोरी कौल साधारण ४१० × २३५ मिमीचं, एचओत ४.७ × २.७. आयव्हरी कार्डाच्या ५ मिमी रुंद पट्ट्या कापा. दर अडीच मिमीवर मागच्या बाजूने रिकाम्या बॉलपेनने उभी रेघ दाबा, म्हणजे पुढून शीर उठते. मग दोन शिरांच्या मधोमध खालच्या कडेपासून ३ मिमीपर्यंत ब्लेडच्या टोकाने चीर द्या. वळचणीपासून आढ्याकडे पट्ट्या चिकटवत जायचं, प्रत्येक पट्टी खालच्या पट्टीवर १ मिमी चढलेली. छपरावर आधी पेन्सिलने उभ्या खुणा केल्या नाहीत तर वर जाता जाता ओळी एका बाजूला सरकतात, आणि ते आढ्याला पोचल्यावरच लक्षात येतं. १५० मिमी लांबीच्या इमारतीला दोन्ही उतार मिळून २८ पट्ट्या लागतात, म्हणजे जवळपास १७०० कौलं. फेव्हिकॉल पातळ हाताने लावा. जास्त झाला की खालचा पुठ्ठा ओल खाऊन धनुष्य होतो. पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूलाही एक कागद चिकटवून ठेवला तर दोन्हीकडचा ताण सारखा राहतो. रंग एकसारखा विटकरी देऊ नका. दहातलं एखादं कौल गडद, एखादं फिकं, आणि सगळ्यावरून पाणीदार काळ्याचा एक हात. चार पावसाळे खाल्लेलं कौल लाल राहत नाही.

पत्र्याचं छप्पर तर त्याहून सोपं. नालीदार लोखंडी पत्र्याच्या दोन उंचवट्यांत ७६ मिमी अंतर असतं, एचओत ०.८७. एम-५ च्या (५ मिमी जाड) आट्याच्या रॉडची पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, ०.८ मिमी. हार्डवेअरच्या दुकानातून असा रॉड घ्या, पार्सलच्या अ‍ॅल्युमिनियमच्या डब्याचा सपाट तळ कापून सायकलच्या जुन्या ट्यूबवर ठेवा आणि त्यावरून रॉड दाबून लाटा. आटे तिरके असल्यामुळे नाल्या तीनेक अंशांनी कलतात, म्हणून पत्रा कडेला समांतर न कापता नालीला समांतर कापायचा. गोदामाचा सिमेंटचा पत्रा हवा असेल तर त्याच्या नाल्या १४६ मिमीवर असतात, तिथे एम-१० किंवा एम-१२ चा रॉड चालतो. आठ फुटी पत्रा २८ मिमी लांब येतो. तुकडे एकेक नाली चढवून बसवा, अख्खं छप्पर एका तुकड्यात लाटलेलं असेल तर लगेच ओळखू येतं. अ‍ॅल्युमिनियमवर फेव्हिकॉल धरत नाही, रबरी सोल्युशन लावा. रंगाआधी मेटल प्रायमर हवाच, नाहीतर नखाने पापुद्रा निघतो.

काळ्या दगडाच्या भिंतीला फ्लेक्सवाल्यांकडचा ३ मिमी सनबोर्ड (पीव्हीसी फोमची शीट) उत्तम. तुकडे बहुतेक वेळा कचऱ्यात जाणारेच असतात, मागितले की देतात. दोन-दोन मिमीचे थर बॉलपेनने कोरायचे, उभे सांधे कमी-जास्त अंतरावर ठेवायचे, करडा-काळा रंग वाळला की पातळ वॉल पुट्टी फासून ओल्या फडक्याने पुसायची. दरजा आपोआप भरतात. सनबोर्डच्या गुळगुळीत पृष्ठभागावरही फेव्हिकॉल टिकत नाही, वाळून सालपटासारखा सुटतो. फेविक्विक वापरा, किंवा प्लंबरचं पीव्हीसी सोल्युशन काडीने अगदी थोडं. जास्त झालं तर कोपरा विरघळतो. थर्माकोलला मात्र फेविक्विक किंवा पीव्हीसी सोल्युशन लावू नका, स्प्रे रंगही नको, सगळं खड्ड्यात जातं.

घरच्या कामाचा खरा शत्रू पावसाळा. साताऱ्याकडे जुलैत पुठ्ठ्याची भिंत एका बाजूने रंगवून ठेवली तर ती वाकणारच. रंगाआधी दोन्ही बाजूंना आणि कापलेल्या कडांना स्पिरिटमधलं लाखेचं पॉलिश द्या. (सांगलीत नदीकाठी राहणारे लेआउट वरच्या मजल्यावरच मांडतात, २०१९ च्या पुरानंतर हे सांगायला नको.)

वेळेचं म्हणाल तर किट जिंकतं, त्यात वाद नाही. ज्यांना गाड्या पळवायच्या आहेत आणि इमारत म्हणजे मागची सजावट, त्यांनी घरी बांधायच्या फंदात पडू नये. मधला रस्ताही आहे. ट्रॉफी आणि नावाच्या पाट्या करणाऱ्यांकडे लेसर कटर असतो. २ मिमी एमडीएफमध्ये भिंती, आयव्हरी कार्डात खिडक्या कापून मिळतात. चित्र कोरलड्रॉत (संगणकावर चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) स्वतः काढून न्यावं लागतं, आणि खिडकीची पट्टी ०.८ मिमीपेक्षा बारीक ठेवली तर करपून तुटते. एमडीएफच्या कडा तपकिरी जळतात, रंगाआधी घासा.

आणि काही गोष्टी विकतच घ्याव्यात. लोखंडी कैच्यांचा पूल जगात कुठेही साधारण सारखाच दिसतो, तो किटमधला घ्या. साखर कारखाना करायचा असेल तर नळ्या, टाक्या, जिने, कठडे तयार आणा आणि शेडवर स्वतःचा पत्रा घाला. खिडक्यांचे सुटे साचेही मिळतात. उलट पाण्याची चौकटी-चौकटीची लोखंडी टाकी घरीच करा. तिच्या चार फुटी प्लेटा एचओत १४ मिमीच्या चौकोनात बसतात, प्रत्येकात फुलीची घडी दाबली की झालं. मिरजेची नॅरोगेज करणार असाल, १९२७ मध्ये तिथे पोचलेली बार्शी लाइट रेल्वे, तर निवडीचा प्रश्नच येत नाही. ९ मिमी अंतराचे रूळ तयार मिळतील, बाजूची इमारत कोणी विकत नाही.

पहिल्याच फटक्यात स्टेशनला हात घालू नका. फाटकावरची गेटमनची खोली करा. ३५ × ३५ मिमीचा पाया, ३५ मिमी उंच भिंती, एक दार, दोन खिडक्या, एका उताराचं पत्र्याचं छप्पर. दोन ओळींत मिळून बारा पत्रे पुरतात. खिडक्या नकोशा झाल्या तर तेवढ्या लेसरवाल्याकडे द्या. पत्रे लाटायलाच कंटाळा आला तर किटच मागवा, आणि निदान उतार कमी असलेलं बघून घ्या.